आधी संमती शोध

नाशिक

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी तू विचारलंस, "सर, ज्या कायद्याला पोलीस नाही तो कायदा कसला?" तेवढ्यात माझ्या प्रकरणाचा पुकारा झाला आणि उत्तर राहून गेलं.

आपल्याच गावापासून सुरुवात करतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनची हत्या झाली. पुढे भगूरच्या सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि खटल्यासाठी बोटीने इकडे आणलं जात होतं. ८ जुलै १९१० ला मार्सेय बंदरात त्यांनी मारलेली उडी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्यापुढचं मात्र फारसं कुणी वाचत नाही. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना धरलं आणि ते पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. फ्रान्सने हरकत घेतली की आमच्या भूमीवरून नेलेला माणूस परत द्या. वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला पाच लवादांनी निवाडा दिला: अटकेत अनियमितता झाली, पण परक्या पोलिसाच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करावा, असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही.

तो निवाडा मुळातून वाच, छोटा आहे. पक्षकार दोनच, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याचं आयुष्य पणाला लागलं होतं त्याला तिथे जागाच नव्हती. मला अजूनही त्याचा त्रास होतो. पण या विषयाचा पाया तिथे उघडा दिसतो. वाद राज्याराज्यांमधला, आणि न्यायपीठासमोर राज्य येतं ते स्वतःच्या संमतीने. म्हणून कुठलंही प्रकरण हातात घेतलंस की पोलीस शोधू नकोस, आधी संमती शोध.

आंतरराष्ट्रीय न्यायालयातही तेच. १९९९ मध्ये आपण पाकिस्तानचं नौदलाचं विमान पाडलं, तेव्हा पाकिस्तान तिथे गेला. भारताने दाखवून दिलं की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आमच्या संमतीतून आम्ही वगळले आहेत. जून २००० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून प्रकरण तिथेच थांबवलं. मग २०१७ मध्ये पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधवांसाठी आपणच पाकिस्तानविरुद्ध कसे उभे राहिलो? वकिलातीच्या संबंधांबाबतच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारासोबत एक ऐच्छिक पूरक करार आहे. व्हिएन्ना करारातून निघालेले वाद न्यायालयाकडे नेण्याची संमती त्यात आहे, आणि त्याने दोन्ही देश बांधले गेले होते. सगळा खटला त्या एका दारातून आत गेला. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं की पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं. अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याचे हक्क सांगणं आणि त्याच्या वकिलातीला त्याला भेटू देणं पाकिस्तानवर बंधनकारक होतं. सुटकेची आपली मागणी मात्र मान्य झाली नाही, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा एवढाच आदेश मिळाला. आपल्याकडे पेढे वाटले गेले तेव्हा हा भाग कुणी वाचला नव्हता. वकिलाने तो आधी वाचायचा असतो.

१९११ मध्ये कैद्याला स्वतःचा म्हणून हक्क नव्हता. कलम ३६ मध्ये तो आहे. शंभर वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं, हे मी कमी मानत नाही.

अंमलबजावणी दुबळी आहे, हे खरं. निकाल पाळला नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ९४ खाली सुरक्षा परिषदेकडे जाता येतं, पण तिथे नकाराधिकार आहे. १९८६ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला आणि परिषदेत अमेरिकेनेच तो अडवला. तरीही बहुतेक नियम रोज निमूट पाळले जातात, कारण उद्या आपल्यालाही त्यांची गरज पडणार हे प्रत्येक देशाला कळतं.

पाठ्यपुस्तकातली या कायद्याच्या उगमांची यादी, म्हणजे करार, रूढी, सर्वमान्य तत्त्वं, तुला परीक्षेपुरती येतेच. त्यावर वेळ घालवू नकोस. निफाडला घरी गेलीस की वडिलांना २०१० चा द्राक्ष हंगाम विचार. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले होते. अशा अंशांची मर्यादा देशाला कितपत कडक ठेवता येते आणि तिला शास्त्रीय आधार किती लागतो, हे जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्यविषयक करारात (इंग्रजीत SPS) शोध. दोन पानांचं टिपण कर आणि पुढच्या शनिवारी घेऊन ये. मी संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.

तुझे,
सर