अर्धा सामना मागे?

प्रश्न : नातू मोबाइलवर बेसबॉल बघतो. एक संघ ‘साडेतेरा सामने मागे’ होता म्हणे. गुरुजी, अर्धा सामना कुठं असतो का? – एक आजोबा, पाचोरा

उत्तर : असतो ना, आप्पा! समजा, चोपडा १० जिंकून ४ हरला, अमळनेर ९ जिंकून ४. विजयांतला फरक १, पराभवांतला शून्य. बेरीज करून दोनने भागा, अमळनेर अर्धा सामना मागे. एक लढत खेळायची राहिलीय, इतकंच.

नातू सांगतो तो संघ १९५१चा न्यूयॉर्क जायंट्स. ऑगस्टात ब्रुकलिन डॉजर्स इतके पुढे, की कुणी पैज लावली नसती. पण जायंट्सनी शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने मारले. दोघंही ९६ विजयांवर! मग तीन सामन्यांची मालिका. ३ ऑक्टोबरला तिसऱ्यात, अखेरच्या डावात जायंट्स ४-२ने मागे, त्यांचे दोन गडी तळांवर (म्हणजे बेसवर). जायंट्सच्या बॉबी थॉमसननं डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाचा चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. तळांवरचे दोघं नि तो स्वतः, तीन धावा. ५-४. (जायंट्सनी दुर्बिणीतून समोरच्यांच्या चेंडूफेकीच्या खुणा चोरल्याचं २००१मध्ये छापून आलं. असो.)

माझा जीव मात्र १९०८वर. जायंट्सचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल विजयी धाव होताना दुसरा तळ न शिवताच तंबूकडे वळला. त्यामुळे तो बाद, धाव रद्द. सामना बरोबरीत धरला, तो ८ ऑक्टोबरला पुन्हा झाला, शिकागो कब्ज जिंकले. मोसमाअखेर विजय : कब्ज ९९, जायंट्स आणि पिट्सबर्ग प्रत्येकी ९८.

कबड्डीत निदानरेषा न ओलांडता परतणाऱ्या पोराला मी ‘मर्कल’ म्हणायचो. पोरांना वाटायचं, अहिराणी शिवी आहे.