नवीन टॉनिकची ट्रायल घेताय? आधी हे वाचा

दादा, अर्ध्या रानात टॉनिक मारलं आणि तिकडं सोयाबीन जास्त आलं म्हणून लगेच टॉनिकला श्रेय देऊ नका. तुमची फवारलेली बाजू विहिरीकडची, तिथली माती मुळातच भारी आणि ओल टिकणारी, मग उतारा टॉनिकनं वाढला का मातीनं, कसं कळणार?

सारख्या मापाचे ८ प्लॉट आखा, चिठ्ठ्या टाकून टॉनिकसाठी ४ निवडा, स्वतःच्या मनानं अजिबात नाही. राहिलेल्या ४ वरपण त्याच पंपानं त्याच दिवशी नुसतं पाणी मारा, कारण नुसत्या पाण्याचाही फरक पडू शकतो. कडेची तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, मोजू नका, फवारा उडतो तिकडं. काय मोजायचं ते आधीच वहीत लिहा, आणि वजन करणाऱ्याला कुठला प्लॉट कसला ते सांगू नका, हे फार महत्त्वाचंय.

८ मधून ४ निवडायचे ७० प्रकार होतात, म्हणजे टॉनिक बिनकामाचं असलं तरी फवारलेले चारही प्लॉट नशिबानं वर यायची शक्यता ७० त १. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात १९१९ पासून काम करताना हाच चिठ्ठ्यांचा विचार पक्का केला. पुढच्या खरिपात परत करा, एका पावसाळ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.