भावाला पुन्हा चर्चकडे कसं वळवावं?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ सात वर्षं चर्चला गेलेला नाही, आई दर रविवारी रडते, आणि त्याला न दुखावता परत कसं वळवावं ते कळत नाही. तुमच्या भावाच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो. मी वसईचा, नंदाखालचा. नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि अकरा वर्षं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पाय ठेवला नाही.

कारण फार तात्त्विक नव्हतं. पप्पांच्या मातीच्या वेळी एक फादर आईला नको ते बोलले आणि माझं डोकं फिरलं. पुढे सवयच मोडली. घरच्यांपैकी कुणी "काय झालं रे?" असं विचारलं नाही. रोज सकाळी प्रवचनांचे व्हिडिओ मात्र यायचे. मी ग्रुप म्यूट केला. तेव्हा आधी त्याला कारण विचारा, आणि तो सांगत असताना चर्चची वकिली करू नका. चर्चच्या माणसाची चूक असेल तर चूक म्हणा. माझ्या मावशीने तेवढंच केलं, आणि त्या विषयावर मी फक्त तिच्याशीच बोलू लागलो.

संत मोनिका श्रद्धेपासून भरकटलेल्या आपल्या मुलासाठी, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनसाठी, किती रडली, हे आईला ठाऊक असेलच. पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मुलाची समजूत घाला म्हणून ती एका बिशपांकडे गेली, तर त्यांनी चक्क नकार दिला. तो आत्ता ऐकायचा नाही, त्याला राहू दे, तू प्रार्थना कर, म्हणाले. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा 387 साली झाला, तिशी उलटल्यावर.

मावशीने मला मिस्साला कधी बोलावलंच नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, एवढंच म्हणाली, "पप्पांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायच्यात, गाडीने नेशील का?" फादर कबरी आशीर्वादित करत होते तेव्हा मी कुंपणाशी उभा होतो. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. परतताना बोंबलांच्या भावावर बोलली.

भावाने रजिस्टर लग्न केलं असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर 'आता आपल्याला तिथे जागा नाही' असं तो धरून चालला असेल. तसं नाही. मिस्साला बसायला कुणाची आडकाठी नसते. कम्युनियनचा, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेण्याचा, प्रश्न वेगळा, त्यासाठी आधी फादरांशी बोलावं लागतं. विवाह रद्दबातल ठरवण्याची चर्चची प्रक्रिया पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये बरीच सोपी केली. आणि बाप्तिस्मा काही पुसला जात नाही, तो पुन्हा घ्यायचा नसतो.

माझी खरी अडचण मात्र लाज होती. कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचं तर पश्चात्तापाची प्रार्थनाच आठवेना! तीन शनिवार चर्चच्या आवारातून परत फिरलो. चौथ्या खेपेला आत जाऊन सरळ सांगून टाकलं, "फादर, अकरा वर्षं झाली, प्रार्थना विसरलोय." ते म्हणाले, "मी म्हणतो, तुम्ही मागून म्हणा." दहा मिनिटांत आटोपलं. भावाला हे जमलं तर सहज गप्पांच्या ओघात सांगा, उपदेश म्हणून नको.

आणि तो एखाद्या रविवारी आलाच, तर आईला आधीच बजावून ठेवा: त्याला सगळ्यांदेखत पुढच्या बाकावर नेऊ नका. दाराजवळचा शेवटचा बाक बरा. मी अजून तिथेच बसतो.