वाचक विचारतात : तारामती ते सौदामिनी

प्रश्न : दुर्गा खोटे या चित्रपटात आलेल्या पहिल्या घरंदाज मराठी स्त्री होत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अलीकडे एका व्याख्यानात हा मान कमलाबाई गोखले यांना दिला गेला. यातले खरे काय मानावे? आणि मुंबईतल्या सधन घरची, शिकलेली, दोन मुलांची आई त्या काळी चित्रपटात आली तरी कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पडद्यावर पहिल्यांदा कोण आले, एवढाच प्रश्न असेल तर व्याख्यात्यांचे म्हणणे बरोबर आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (1913) तारामतीची भूमिका करायला एकही स्त्री तयार झाली नाही, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसून उभे राहावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मात्र लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून नावारूपाला आली. चंद्रकांत गोखले हे तिचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर आल्या त्याच्या अठरा वर्षे आधीच मराठी स्त्री पडद्यावर आली होती. असे असताना पहिलेपणाचा मान खोट्यांकडे कसा गेला, याचे कारण मला तरी असे दिसते की कामत मायलेकी फिरत्या नाटक कंपनीतून आल्या होत्या, आणि एकदा नाटक कंपनीत गेलेल्या बाईचे मूळ घर कितीही चांगले असले तरी त्या काळचा पांढरपेशा समाज तिला आपल्यात धरत नसे. त्यामुळे तिने उचललेले पाऊल आपल्या घरातल्या बाईने उचलले आहे, असे कोणाला वाटले नाही. दुर्गाबाई खोटे मात्र रंगभूमी किंवा गाण्याची बैठक असा कोणताही टप्पा मध्ये न घेता घरातून थेट स्टुडिओत गेल्या, आणि म्हणून त्यांच्या जाण्याची चर्चा झाली. मराठी बोलपटापुरते त्यांना या अर्थाने पहिले म्हणायला माझी हरकत नाही. त्यापलीकडे तो दावा ताणू नये.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईत झाला. वडील पांडुरंग शामराव लाड, आई मंजुळाबाई. कुटुंब मूळचे गोव्याकडचे असल्याने घरात कोकणी चाले, बालपण कांदेवाडीतल्या मोठ्या एकत्र कुटुंबात गेल्यामुळे भोवती गिरगावची मराठी होती, आणि शाळा होती कॅथेड्रल, म्हणजे इंग्रजी वळणाची. पुढे त्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत होत्या, आणि शिक्षण चालू असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी झाला. खोटे घराणेही तोलामोलाचे होते. बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे झाले. पण पुढे खोट्यांची आर्थिक घडी विस्कटली, आणि मुलांच्या संगोपनासाठी दुर्गाबाईंनी स्वतः कमावण्यावाचून मार्ग उरला नाही. माहेरी आधार होता, तरी माहेरच्या पैशावर मुले वाढवणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. त्यांचे पुढचे सारे आयुष्य पाहिले की हे सहज पटते. शिक्षण अर्धवट राहिलेल्या गृहिणीसमोर तेव्हा शिकवण्या घेणे एवढाच काय तो प्रतिष्ठित पर्याय असे, आणि त्यावर घर चालत नसे. त्यांच्या पदार्पणाचे वर्णन करताना ‘रूढींविरुद्ध बंड’ असे शब्द अनेकदा वापरले जातात. मला ते शब्द फारसे रुचत नाहीत. गरज होती, काम समोर आले आणि त्यांनी ते घेतले. त्यामुळे त्यांचे धैर्य तसूभरही कमी होत नाही.

ते काम आले मोहन भवनानी यांच्याकडून. विचारणा मुळात दुर्गाबाईंची बहीण शालिनी हिच्याकडे झाली होती आणि तिने नकार देताना बहिणीचे नाव सुचवले, असे सांगितले जाते. ‘फरेबी जाल’ (1931) या भवनानींच्या चित्रपटात त्यांना छोटेसे काम मिळाले. चित्रपट चालला नाही, आणि न चालून जेवढे नुकसान व्हायचे त्याहून अधिक दुर्गाबाईंचे झाले, कारण एका सुमार चित्रपटात लाडांची लेक आणि खोट्यांची सून दिसली, यावरून नात्यागोत्यात आणि समाजात टीकेचा भडिमार झाला. त्यांची कारकीर्द तिथेच संपली असती तर कोणालाही नवल वाटले नसते.

काळाचा एक धागाही येथे लक्षात घ्यायला हवा. ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटात ज्यांचे राज्य होते अशा काही नट्यांची यामुळे मोठी अडचण झाली. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स यांना तर हिंदुस्तानी शिकण्यासाठी पडद्यापासून काही काळ दूर राहावे लागले. निर्मात्यांना आता चेहऱ्याइतकीच वाणी हवी होती. अनेक भाषा कानावर पडत वाढलेली, स्पष्ट उच्चारांची, वाचन असलेली बाई नेमकी याच वेळी काम शोधत होती. मूकपटाच्या भरात, पाच वर्षे आधी, त्यांना कोणी विचारले असते का, याची मला शंका आहे.

प्रश्न : पहिल्या चित्रपटाने एवढी बदनामी झाल्यावर प्रभातने त्यांना थेट नायिका कसे केले? ‘अयोध्येचा राजा’मधली गाणी त्यांनी स्वतः म्हटली आहेत का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्यात ती 1933 मध्ये आली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या भागीदारांनी 1929 मध्ये काढलेल्या या कंपनीला आपल्या पहिल्या बोलपटासाठी तारामती हवी होती, आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ती दुर्गाबाईंमध्ये पाहिली. कलावंत पारखण्याची शांतारामबापूंची नजर हे याचे एक कारण. दुसरे कारण भूमिकेतच आहे. हरिश्चंद्राची कथा कीर्तनातून आणि पोथ्यांतून घरोघरी पोचलेली होती. राज्य गेल्यावर नवऱ्यामागून वनवास पत्करणारी, काशीच्या बाजारात विकली जाणारी, पुत्रशोक सोसणारी तारामती म्हणजे पतिव्रतेचा आदर्श. ‘फरेबी जाल’वरून नाके मुरडणाऱ्यांना तारामतीपुढे बोलायला जागाच उरत नव्हती. टीका करणाऱ्या समाजाला त्याच्याच परंपरेतून दिलेले हे उत्तर होते, मग ते कोणी ठरवून दिलेले असो वा नसो.

‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये प्रदर्शित झाला आणि तो पहिला मराठी बोलपट मानला जातो. तो हिंदीतही ‘अयोध्या का राजा’ या नावाने निघाला. या दुहेरी कामाची कल्पना आज येणे कठीण आहे. नंतर आवाज चढवून भाषांतर करण्याची सोय नसल्याने तेच दृश्य, तोच देखावा, तीच वेशभूषा ठेवून एकदा मराठीत आणि पुन्हा हिंदीत चित्रण करावे लागे, म्हणजे नटाला प्रत्येक प्रसंगाचा शोक आणि संताप दोन भाषांत दोन वेळा उभा करावा लागे. नवख्या बाईसाठी याहून कडक तालीम कोणती असणार?

गाण्यांबद्दल सांगायचे तर पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून सुरू झाली. तोपर्यंत पडद्यावर जो गातो त्यानेच गायचे, वादकांनी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून साथ करायची आणि चित्र व ध्वनी एकाच वेळी मुद्रित व्हायचे, असा रिवाज होता. दुर्गाबाईही स्वतःच गायल्या. समोर हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. संगीत रंगभूमीवरच्या मुरलेल्या कलावंतापुढे दुर्गाबाईंचे गाणे उजवे ठरणे शक्यच नव्हते. मात्र बोलण्यात उलट प्रकार झाला आहे. टेंब्यांच्या संवादांना नाटकाचा सूर लागतो, तर दुर्गाबाई अनेक ठिकाणी साध्या बोलल्यासारख्या बोलतात. नाटकाचा अनुभव नसण्याचा त्यांना झाला तर फायदाच झाला, असे मी म्हणेन. एक सहज आठवले म्हणून सांगतो : मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा आग्रह धरणाऱ्या नाट्यमन्वंतर संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ जुलै 1933 मध्ये रंगभूमीवर आले. म्हणजे या बाबतीत ‘अयोध्येचा राजा’ त्याच्याही वर्षभर आधीचा.

प्रश्न : प्रभातने नाव मिळवून दिल्यावर त्या तिथेच का राहिल्या नाहीत? त्या कलकत्त्याला का गेल्या? (एक वाचक भगिनी, बेळगाव)

उत्तर : त्या काळी कलावंत एखाद्या कंपनीचा मासिक पगारी नोकर असे आणि दुसरीकडे काम करण्याची त्याला मुभा नसे. दुर्गाबाईंनी ही चौकट फार काळ मानली नाही. ‘माया मच्छिंद्र’ हाही चित्रपट त्यांनी 1932 मध्ये प्रभातमध्येच केला, पण पुढच्याच वर्षी त्या कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’त मीरा झाल्या. त्यानंतर ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये (1934) पुन्हा देवकी बोस यांचेच दिग्दर्शन आणि राम म्हणून पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मुलांची जबाबदारी असलेल्या बाईने मुंबई सोडून इतक्या दूर काम घेणे सोपे नव्हते, पण एकाच कंपनीवर विसंबून न राहता चित्रपटागणिक करार केल्यामुळे भूमिका निवडण्याचा आणि मोबदला ठरवण्याचा हक्क त्यांच्या हाती राहिला.

प्रभातशी त्यांचे वैर मात्र झाले नाही, कारण 1936 मध्ये त्या पुण्याला ‘अमरज्योती’साठी परतल्या. हा चित्रपट हिंदीतच निघाला. नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीला स्वतःच्या मुलाचा ताबाही कायदा देत नाही म्हणून सूड घ्यायला निघालेली समुद्रावरची लुटारू सौदामिनी ही भूमिका त्यांनी ज्या करारीपणाने केली आहे तो पाहिला की चार वर्षांपूर्वीची सोशिक तारामती हीच का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्यांच्या सुरुवातीच्या काळातले सर्वोत्तम काम हेच आहे. सीता, मीरा, तारामती या साच्यात त्या कायमच्या अडकल्या नाहीत याचे श्रेय या चित्रपटाला द्यायला हवे. पुढे 1941 मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मध्ये त्यांनी खाष्ट सासू रंगवली, तीही नायिकेच्या भूमिका हातात असताना. ‘मुघल-ए-आझम’ची जोधाबाई आणि ‘बिदाई’ची आई नव्या पिढीला अधिक परिचित असल्या तरी त्यांचा प्रांत येथे नको. पद्मश्री 1968 मध्ये आणि दादासाहेब फाळके पुरस्कार 1983 सालचा, एवढी नोंद पुरे.

प्रश्न : शुभा खोटे आणि विजू खोटे यांच्याशी त्यांचे नाते काय? आणि त्यांचे सुरुवातीचे चित्रपट आज पाहायला मिळतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सासरकडचे. शुभाताई आणि विजू यांचे वडील नंदू खोटे हे स्वतः नट होते आणि मूकपटांत त्यांनी कामे केली होती. विजू खोटे म्हणजे ‘शोले’मधला कालिया, हे सांगायला नकोच. चित्रपटांपैकी ‘आलम आरा’ची एकही प्रत उरली नसली तरी ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अमरज्योती’ सुदैवाने शिल्लक आहेत. दोन्ही पाहण्याइतका वेळ नसेल तर आधी ‘अमरज्योती’ पाहावा. ‘अयोध्येचा राजा’ पाहताना ध्वनीची खरखर आणि संथ गती सोसावी लागते, पण काशीच्या प्रसंगांपर्यंत धीर धरावा.