वाचकांचे प्रश्न : रशियन खेळाडू, ऑस्ट्रियन गाडी

प्रश्न : बाबांची येझदी आणि चाकणला बनलेली माझी केटीएम, दोन्ही आमच्या अंगणात उभ्या असतात. केटीएमला मोटोक्रॉसचं, म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटेवरच्या मोटरसायकल शर्यतींचं, पहिलं जगज्जेतेपद एका सोव्हिएत खेळाडूने मिळवून दिलं, असं वाचलं. पोलादी पडद्याआडच्या माणसाला ऑस्ट्रियाची गाडी मिळाली कशी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. लेनिनग्राडचा गेन्नादी मोइसेयेव्ह. केटीएमवर तो १९७४, १९७७ आणि १९७८ असा तीनदा २५० सीसीचा जगज्जेता झाला.

त्याआधी सोव्हिएत संघाची भिस्त सीझेडवर होती. तुमच्या बाबांच्या येझदीचं मूळ ज्या चेकोस्लोव्हाकियात आहे, तिथलीच ही गाडी. व्हिक्टर आर्बेकोव्हने १९६५चं जेतेपद तिच्यावरच जिंकलं. कोव्हरोव्हच्या सोव्हिएत कारखान्यातही मोटोक्रॉसच्या गाड्या बनत, पण जागतिक शर्यतीत देशी गाडीचा हट्ट सोव्हिएत क्रीडाखात्याने धरला नाही. मित्रराष्ट्राची गाडी असल्याने कुणाला खुपण्याचंही कारण नव्हतं.

मग सुझुकी आली. सीझेडवर जिंकणारा बेल्जियमचा जोएल रोबेर तिकडे गेला आणि १९७० ते १९७२ सलग तीन वर्षं जिंकला. मी आयुष्यभर टू-स्ट्रोक इंजिनं खोलत आलोय, म्हणून ठामपणे सांगतो: चाळीस मिनिटं चिखलात गाडी रेटताना नुसती ताकद पुरत नाही, वजनातला प्रत्येक किलो मनगटाला जाणवतो. सुझुकी कमालीची हलकी होती. सीझेड मागे पडली, तेव्हा सोव्हिएत खेळाडूंना केटीएम मिळाली. पदक हवं होतं, म्हणून पूर्व-पश्चिम गटांचा भेद आडवा आला नाही. शिवाय ऑस्ट्रिया १९५५पासून तटस्थ; जपानी गाडी घेण्यापेक्षा हे सोपं गेलं असावं, असं मला वाटतं.

याची किंमत मात्र एका चेक खेळाडूने मोजली. ऑगस्ट १९७४, स्वित्झर्लंडमधलं व्होलेन, मोसमाची शेवटची फेरी. सीझेडवरच्या यारोस्लाव्ह फाल्ताला जेतेपदाची संधी होती. सोव्हिएत खेळाडूंनी त्याला वाटेत अडवलं, पाडलं. तरी उठून त्याने शर्यत जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. नंतर तक्रार झाली, सुरुवातीला घाई केल्याचा ठपका ठेवून त्याच्या वेळेत एक मिनिट वाढवलं आणि जेतेपद मोइसेयेव्हकडे गेलं. १९६८ला सोव्हिएत रणगाडे प्राहात शिरल्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती, त्यामुळे चेक चाहत्यांना तो निकाल किती झोंबला असेल बघा.

मोइसेयेव्ह अस्सल खेळाडू होता. १९७७ आणि १९७८ची त्याची जेतेपदं मला पूर्ण मान्य आहेत. १९७४चं मात्र मी फाल्ताचंच मानतो.