फुलावर फ्लशिंग करण्याआधी मीटरचा स्केल बघा

फुलावरच्या टोमॅटोच्या बॅगांमधले क्षार साध्या पाण्याने धुवायचे (फ्लशिंग) का, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना हंगाम डोळ्यांपुढे आला. माझंही असंच होतं: कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगेत टोमॅटो, चौथा घोस फुलावर, खालच्या पानांच्या कडा करपलेल्या, तपासणीत निचऱ्यात, म्हणजे बॅगेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, क्षार "जास्त", आणि त्यावर मिळालेला सल्ला: दोन-तीन दिवस नुसतं साधं पाणी सोडा, बॅगा धुऊन निघतील. कृपया आज ते पाणी सोडू नका. मी सोडलं होतं आणि दोन घोस हातचे गेले.

ए आणि बी खतांच्या टाक्या वेगळ्या ठेवणं, पीएच ५.८ च्या आसपास राखणं हे तुम्ही करताच आहात असं दिसतं, त्यामुळे त्यात जात नाही.

मी तेव्हा ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, तिच्यावरून क्षार कळतात) २.० चं खताचं पाणी देत होतो. निचऱ्याचा नमुना एका प्रयोगशाळेत दिला. अहवालात लिहून आलं: एकूण क्षार १९६० पीपीएम. माझ्या मीटरवर खताचं पाणी १००० पीपीएम दाखवायचं. म्हणजे मुळांशी दुप्पट क्षार साचले, असा मी हिशेब केला. खरी गोष्ट अशी की माझं मीटर ५०० च्या स्केलचं होतं आणि प्रयोगशाळेचं ७०० च्या, म्हणजे माझं ईसीला ५०० ने गुणून पीपीएम दाखवायचं आणि त्यांचं ७०० ने. १९६० ला ७०० ने भागा, ईसी २.८ येतो. दिलेल्या पाण्यापेक्षा जेमतेम ०.८ जास्त. फुलावरच्या टोमॅटोला एवढ्याने काही होत नाही.

अहवालात स्केलचा उल्लेख कुठेच नव्हता. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर: "आमचा फॉरमॅट असाच असतो." चौथ्यांदा फोन उचललाच नाही. मीटर मोजतं ते ईसी. पीपीएम म्हणजे त्याला नंतर केलेला गुणाकार. मग अहवालात ईसी छापायला काय हरकत आहे? लोक त्या कागदावर भरवसा ठेवून पिकाचा निर्णय घेतात. मला याचा आजही मनापासून राग येतो.

तर मी तीन दिवस आरओचं पाणी सोडलं, सकाळ-संध्याकाळ, बॅगेतून धार लागेपर्यंत. चौथ्या दिवशी फुलांचे देठ गाठीशी पिवळे पडले. बोट लावलं तरी फूल गळून हातात येई. बॅगेला चीर देऊन पाहिलं तर तळाची पांढरी मुळी तपकिरी झालेली आणि कोकोपीटला डबक्यासारखा वास. पुढच्या दहा-बारा दिवसांत लिंबाएवढ्या झालेल्या फळांच्या बुडाशी पाणचट डाग दिसले, मग ते काळे आणि चामड्यासारखे झाले. खालच्या घोसातल्या पिकत आलेल्या फळांना तडे गेले ते वेगळेच.

कारण नंतर समजलं. फळात कॅल्शियम पोचतं ते पाण्याच्या ओढीबरोबर. मी तीन दिवस कॅल्शियमच दिलं नाही, आणि मुळी हवेविना गुदमरल्यामुळे जे होतं तेही वर चढेना. शिवाय साध्या पाण्याने फक्त मोकळे क्षार वाहून जातात. कोकोपीटला चिकटलेला सोडियम तसाच राहतो. त्याला हुसकवायला कॅल्शियमच लागतं. म्हणजे खत गेलं आणि खरा त्रासदायक क्षार जागेवर राहिला.

आता माझं मत. मी कृषी पदवीधर नाही, आणि हे सगळं कोकोपीट आणि टोमॅटोच्या अनुभवातून सांगतोय. फुलावर असताना निव्वळ पाण्याने फ्लशिंग करूच नये. निचऱ्याचा ईसी दिलेल्या पाण्यापेक्षा १ ते १.५ ने जास्त असेल, आणि तोही सलग तीन-चार दिवस एकाच वेळी मोजून, तरच हात घाला. पहाटेचा पहिला निचरा बहुधा जास्त क्षारांचा येतो, त्यावरून घाबरू नका. हात घालायचाच तर ईसी १.० ते १.२ चं हलकं खत घ्या, त्यात कॅल्शियम नायट्रेट हवंच, पीएच नेहमीचाच. ऊन असलेल्या दिवशी सकाळी सोडा, म्हणजे दुपारपर्यंत बॅग थोडी सुकते. निचऱ्याचा ईसी उतरला की त्याच दिवशी नेहमीच्या खतावर या. संध्याकाळी अजिबात नको, रात्रभर मुळी ओली राहते.

बहुतेक वेळा फ्लशिंगची गरजच नसते. निचरा मोजा: दिलेल्या पाण्याच्या २० ते ३० टक्के येतोय का? माझ्याकडे तेव्हा ७-८ टक्केच येत होता, क्षार साचायचं मूळ तिथेच होतं. एका वेळी जास्त पाणी देण्यापेक्षा पाळ्या वाढवा. ड्रिपरही तपासा; एक तुंबला की त्या बॅगेचा आकडा सगळ्या प्लॉटची दिशाभूल करतो.

मातीत लावलेल्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. तिथे वाफसा बघूनच पाणी द्यायचं, आणि खाली निचरा नसेल तर धुण्याचा विचारही नको. एनएफटीमध्ये (नळीतून खताच्या पाण्याचा पातळ थर मुळांवरून वाहवतात ती पद्धत) धुवायला माध्यमच नसतं, टाकीतलं पाणी बदललं की झालं.

जाता जाता: मीटर ईसी १.४१३ च्या प्रमाणित तपासणी-द्रावणात बुडवून एकदा खात्री करा. माझं मीटर तेव्हा वर्षभर तपासलेलं नव्हतं.

तुमच्या अहवालात पीपीएम आहे की ईसी, मीटरवर ५०० लिहिलंय की ७००, आणि निचरा किती टक्के येतो, एवढं इथे टाका. मग किती पाणी सोडायचं, की काहीच सोडायचं नाही, ते बघू.