एजन्सी बदलायची, क्लायंट तोच ठेवायचा

प्रश्न : दीड वर्ष एकाच क्लायंटकडे कॉन्ट्रॅक्टवर आहे. एजन्सी पेमेंट कायम उशिरा करते, फोन उचलत नाही. दुसरी एजन्सी म्हणते आमच्याकडून या, काम तेच राहील. जाऊ का?

उत्तर : तुमचा वैताग अगदी रास्त आहे, केलेल्या कामाचे पैसे मागून मागून घ्यावे लागणं वाईटच. पण घाईत सही करू नका. आधी तुमचं जुनं कॉन्ट्रॅक्ट काढा आणि त्यात असं काही कलम आहे का बघा की काम संपल्यावर अमुक महिने त्याच क्लायंटकडे थेट किंवा दुसऱ्या एजन्सीतर्फे जायचं नाही, बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये ते असतंच, कारण क्लायंटशी ओळख एजन्सीने करून दिलेली असते आणि त्यांचं मार्जिन त्यावरच चालतं. आणि लोक इथेच फसतात, क्लायंट आणि एजन्सीचा वेगळा करार असतो जो तुम्हाला कधी दिसतच नाही, त्यात ट्रान्सफर फी, म्हणजे तुम्हाला दुसरीकडून घेतलं तर क्लायंटने जुन्या एजन्सीला द्यायची रक्कम, असू शकते, शिवाय नवी एजन्सी क्लायंटच्या मंजूर यादीत नसेल तर सगळं तिथेच अडतं. म्हणून आधी क्लायंटकडच्या मॅनेजरशी बोला. त्यांना तुम्ही हवे असाल तर जुन्या एजन्सीकडून त्या कलमातून लेखी सूट तेच मिळवू शकतात, तुमच्यापेक्षा त्यांचं वजन जास्त. रिन्यूअलची वेळ यासाठी सगळ्यात बरी.

पेमेंट थकलं असेल तर तारखांसकट ईमेल करून ठेवा, कराराचा भंग त्यांनीच केलाय हा मुद्दा वकिलाला उपयोगी पडतो. टाइमशीट, म्हणजे कामाच्या तासांची नोंद, मंजूर करून घेतल्याशिवाय काम सोडण्याची नोटीस देऊ नका.